तेवीस जणांची होडी

माझ्या आत शेहेचाळीस माणसं राहत होती, जोड्याजोड्यांनी. प्रत्येक जोडीत एक आईकडचं, एक वडिलांकडचं. खोटं वाटेल त्याने माझ्या बरगडीला कान लावावा; निम्मी अजून घोरतात.

सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, मूल हवंसं झालं त्या सकाळी सगळी खाडीच्या धक्क्यावर उतरली. धाकू तांडेल होडीत विडी ओढत बसला होता. म्हणाला, "जोडीतलं एकच."

मी म्हटलं, दोन फेऱ्या कर की.

"पलीकडून तुझ्या बायकोचीही तेवीस येतायत. तू सगळी पाठवलीस, तिनं सगळी पाठवली, तर ब्याण्णव. पोरीच्या अंगात मावतील?"

निघण्याआधी जोडीने गळाभेट घ्यायची, जाताजाता एखादं बटण, एखादी बाही बदलायची, असा तिथला रिवाज. सातव्या जोडीत दाजीकाका आणि बायोमावशी. दाजीकाकांकडे वडिलांचा खोकला, बायोमावशीकडे आईचं हसू. आई गेल्यावर ते हसू तिच्याचकडे उरलं होतं, आणि मला मुलीला द्यायचं होतं ते एवढंच.

गळाभेटीत ते दाजीकाकांच्या खिशात तरी पडलं असतं. पण त्यांनी लांबूनच नमस्कार केला. ते वरपक्षाचे. मावशी मुलीकडची, आणि मुलीकडच्यांनी आधी बसायचं नसतं. तिने चपला हातात घेतल्या, बाजूला झाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता.

बोललो तो हा, "बसू दे त्यांना. मानाचे आहेत."

चित्रा खोकतच जन्मली. गुणी पोर, पण कधी हसली नाही. मागे राहिलेली बाकीची माझ्याकडे परतली, मावशी मात्र धक्क्याच्या पायरीवरच बसली. भरतीला तिचं हसू घरापर्यंत ऐकू यायचं, दर वर्षी थोडं कमी.

आज चित्राची शेहेचाळीस धक्क्यावर आली आहेत. सातव्या जोडीत दाजीकाका, आणि शेजारी सुलभाकडची एक मुलगी, शीळ घालणारी.

"बाबा, यातल्या कोणाला बसवू?" चित्राने विचारलं.

मी तोंड उघडलं. तोवर त्या मुलीने चपला हातात घेतल्या होत्या.

"तुम्ही बसा," ती दाजीकाकांना म्हणाली.

पायरीवर बायोमावशी थोडी सरकली आणि तिने शेजारची जागा पदराने पुसली.