गोविंद नावाची हाक

"गोविंदाऽऽ! तांबडी दिसली का रे?"

सांजवेळ होती. माळाच्या कडेला एक बाई कपाळावर हात आडवा धरून उभी होती. पलीकडच्या झुडपांतून पोरगा ओरडला, "आणतो गंऽऽ!" मग धूळ उडाली, गळ्यातली घंटा वाजली आणि हरवलेली गाय पुढे, पोरगा मागे, असे दोघे घरी आले. याला किती पिढ्या लोटल्या, कोण जाणे. माझी सगळ्यात जुनी आठवण मात्र हीच.

मित्रांनो, मी एक जुनं नाव आहे. मला रंग नाही, वजन नाही. मला फडताळात घडी घालून ठेवता येत नाही. कुणाच्या तरी ओठांवर असतो तेवढाच मी असतो.

जाणती माणसं माझी फोड करतात. गो म्हणजे गाय, आणि तिला शोधून मिळवणारा तो गोविंद. कुणी म्हणतात, गो म्हणजे पृथ्वी, तिला राखणारा तो मी. देवालाही लोक माझ्याच अक्षरांनी हाका मारतात. एवढा मोठा डौल घेऊन मी घरात शिरतो आणि उंबरा ओलांडला की माझा गोंदू होतो. पाळण्यात गोंदू, खेळात गोंद्या, मिशी फुटली की गोविंदराव, मिशी पिकली की गोंदातात्या. दूरच्या मुलखांत मी गोबिंद आहे, कुठे गोविंदन आहे, कुठे गोविंदप्पा. मला कशाचाच राग नाही. ज्याच्या जिभेला जसा झेपेन तसा मी होतो.

आता एका घराचं सांगतो. ते लाकडाच्या वखारीला लागून होतं. दारातून भुसा आत यायचा, जेवताना ताटाच्या कडेला बसायचा. घराचा मालक लाकूड चिरणारा. आडवा ओंडका उंच चौकटीवर चढवायचा, काळ्या रंगात बुडवलेली दोरी आपटून त्यावर रेघ उठवायची, आणि दोन मुठींची लांब करवत लावायची. बाप ओंडक्यावर उभा, मुलगा खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो, त्याला रेघ दिसत नाही. त्याने वरच्याच्या आवाजावर ओढायचं.

त्या मुलाला मी लाभलो होतो. बापाने दुसरी हाक शोधलीच नाही. "गोऽऽ" म्हणत तो करवत वर खेचायचा, "विंद!" म्हटलं की मुलगा खाली ओढायचा. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत मी त्या ओंडक्यावर वरखाली व्हायचो. फळ्या अशा सरळ निघत की सुतार बोट फिरवून म्हणायचे, "रंधा मारायला काही ठेवलंच नाही यांनी."

मुलाची आई दुपारी भाकरी घेऊन यायची. तो तान्हा असताना ती त्याला जे गायची, तेच आता भाकरी वाढताना गुणगुणायची.

*सांज झाली, गाय नाही, कोण धाडावा रानात*
*माझा गोविंद निघाला, तिची घंटा त्याच्या कानात*

"आई, पुरे गं! सगळे हसतात," मुलगा लाजायचा. धाकटी बहीण मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "गोविंद निघालाऽऽ, भाकरी टाकून निघालाऽऽ!"

मला वाटलं, हे असंच चालायचं. पण एका हिवाळ्यात ताप त्याच्या छातीत बसला, आणि तो उठला नाही.

तेराव्यापर्यंतचे दिवस उरकले, बाप पुन्हा ओंडक्यावर चढला. खाली दुसरा गडी होता. बापाने करवत धरली आणि सवयीने "गोऽऽ" म्हणाला. पुढचं अक्षर त्याच्या गळ्यातच राहिलं. तो खाली उतरून हात झटकत निघून गेला. त्यानंतर तो टाचेने ओंडक्यावर ठोका द्यायचा. ठक, ठक. हाक नाही.

लोक चांगले होते, मित्रांनो, आणि चांगुलपणानेच माझा घात झाला. वखारीत एक गाडीवान होता, त्याचंही नाव मीच. बापाच्या कानावर नको म्हणून सगळे त्याला 'लंबू' म्हणू लागले. तो काही उंच नव्हता, पण घाईत तेवढंच सुचलं. शेजारच्या बाईने आपल्या नातवाला गोंद्या म्हणणं सोडलं. घरात तर माझा वासही उरला नाही. जुन्या पेल्यावर मी कोरलेला होतो, तो पेला मागच्या फळीवर पालथा पडला.

पुढे बहिणीचं लग्न झालं. नवरा त्याच वखारीतला, सासऱ्याच्या करवतीची खालची मूठ त्याच्या हाती आली. बाळ झालं, मुलगा. ती म्हणाली, "बाबा, याला दादाचं नाव ठेवते."

बापाने चप्पल पायात सरकवली. "दुसरं कुठलंही ठेव," म्हणाला आणि गेला.

आई हळूच लेकीला म्हणाली, "मला चालेल गं. पण त्यांना सोसवायचं नाही."

त्याच दिवशी वखारीत बाप जावयाला म्हणत होता, "माझं काय, मी दगड आहे. पण तिच्या आईच्या कानावर रोज ते नाव पडलं तर ती उभी राहायची नाही."

दोन्हीकडचं मला ऐकू येत होतं. पण मला स्वतःचं तोंड कुठे? बाळ रांगायला लागलं तरी त्याला सगळे 'बाळ'च म्हणत. मला वाटू लागलं, आता या घरातून आपण कायमचे गेलो.

मग ती दुपार आली. मोठा, गाठींचा ओंडका होता. म्हातारा झालेला बाप वर, जावई खाली.

"मामा, काहीतरी बोला हो," जावई खालून म्हणाला. "नुसती ठकठक ऐकून झोप येते मला."

"झोपा मग, जावईबापू. करवत मात्र सोडू नका."

आई भाकरी घेऊन आली, कडेवर नातू. जेवायला वेळ होता, म्हणून ती फळ्यांच्या थप्पीमागे बसली आणि त्याला मांडीवर घेऊन थोपटू लागली. करवतीचा खरखराट एवढा, की आपलं कुणाला ऐकू जाणार नाही अशी तिची खात्री होती.

पण ठोक्यावर चाललेली करवत रेघ सोडून गाठीत शिरली आणि अडकली. खरखराट एकदम थांबला. आणि त्या शांततेत तिचा आवाज एकटाच उरला:

*"...माझा गोविंद निघाला, तिची घंटा त्याच्या कानात..."*

तिने पदर तोंडावर धरला. लंबू गाडीवानाने बैलाचा कासरा ओढून गाडी उभी केली. म्हातारा एकेक पाय चाचपत खाली उतरला, थप्पीमागे आला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "वाटलं, ऐकू येणार नाही."

"रोज म्हणतेस?"

"रोज. तुम्ही घराबाहेर पडलात की."

"अगं, मला वाटलं, तुला सोसवणार नाही."

"आणि मला वाटलं, तुम्हाला."

भुशाने पांढरा झालेला जावई चौकटीखालून बाहेर आला. "आणि मला वाटलं, या घराण्यात बोलायचीच रीत नाही."

लंबू घसा खाकरून म्हणाला, "मग मालक, मी माझं नाव परत घेऊ का? या लंबूपायी लोक मला फळीवरचे डबे काढायला बोलावतात हो."

आई हसली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले, आणि ती ते पुसायला थांबली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं नाव असेल, जे दुखेल म्हणून कुणी घेत नाही. त्याला असं झाकून ठेवू नका. आम्हा नावांना ऊन-पाऊस काही करत नाही, आम्ही मरतो ते अबोल्याने. एकमेकांना विचारा, तुला चालेल का? बहुतेक वेळा समोरचं माणूसही तेच ऐकायला आसुसलेलं असतं.

म्हाताऱ्याने बाळाला उचललं. त्याच्या खरबरीत अंगठ्यावर भुसा होता, बाळाने तो अंगठाच मुठीत धरला. "गोऽऽ" एवढंच ओठांवर आलं आणि पुन्हा अडलं. सगळे थांबले. मीही थांबलो, जसा त्या माळावर कधीकाळी थांबलो होतो, घंटेचा कानोसा घेत.

मग म्हाताऱ्याने बाळाच्या कपाळाला कपाळ लावलं.

"गोविंदा," तो म्हणाला, "कुठे होतास रे इतके दिवस?"