शनिवारचं पाणी

आमची नागूआक्का दोन दिवस झालं सुई घेत नव्हती.

साखरंची सुई हो. रोज सकाळ-संध्याकाळ लागती तिला. पण फोनवर कोण एक पाद्री उपदेशक घावला आन् म्हनला, प्रभू शुक्रवारी येतोय, उपास धरा, औषधं टाका, औषध घेतो त्याचा विश्वास कच्चा. झालं! आक्कानं सुया डब्यात बंद केल्या. बेस्तरवारी सकाळी तिच्या सुनंचा, मनालीचा फोन. "मामा, बिगी या. आत्या उलट्या करायल्यात."

रिक्षा तशीच दामटली. बघतो तर बाई खाटंवर, जीभ कोरडी ठाक, श्वास भात्यावानी.

"आक्का, चल दवाखान्यात."

"उद्या प्रभू येतोय. आन् मी सुई टोचून घिऊन त्याच्या म्होरं जाऊ व्हय?"

"प्रभूनंच सांगितलंय की, त्यो दिवस आकाशातल्या बापाबिगर कुनाला ठाव न्हाय. तुज्या फोनवाल्याला कुनी कळवला?"

"गप ए यशा! देवळात मागच्या बाकड्यावर डुलक्या घेनारा तू, मला वचन शिकवतो?"

उचलून न्यावी, तर चालत्या रिक्षातनं उडी टाकनारी बाई ही.

तेवढ्यात मोरीतला नळ फुसफुसला. पानी! आमच्या सोलापुरात नळाला पानी येतं पाच-सा दिवसांनी, आन् कवा येईल ह्याचा नेम न्हाय. आक्का ताडकन उठून बसली.

"मने, पाइप लाव! बॅरल धू आदी! शेजारच्या गोदावरीच्या घागरी बी आन, तिच्याकडं मोटर न्हाय!"

उटाया गेली आन् भिंतीवर कोलमडली. धरली मी.

"आक्का, उद्या जायाचंय न्हवं? मग शनिवारचं पानी कुनाला?"

नळ धो धो चाललेला.

"गोदावरीला," हळूच म्हनली. "ती आपल्या मंडळीतली न्हाय. ती हितंच ऱ्हानार. तिला तहान लागंल की."

"मग तिची घागर भरताना त्यो आला, तर रागवंल तुला?"

"न्हाय."

"आन् सुई घेताना आला तर?"

आक्कानं पदर सावरला.

"रिक्षा दाराला लाव. उचलू नको मला. चालती मी."

डॉक्टर म्हनले, आजून एक रात घरी काढली असती तर अवघड व्हतं.

शुक्रवारी सलाइन चालू, तरी आक्कानं मनालीकडनं केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं मागितलं. दिवसभर खिडकीकडं नजर. मी बी बघत व्हतो, खोटं कशाला बोलू? वार्डात दिवे लागले तशी ती रडली. मी हात धरून बसलो.

डोळे पुसून म्हनली, "तारीख त्या मानसाची व्हती, यशा. येतो म्हनून शब्द दिलाय, त्यो मातुर प्रभूनं. त्यो येनार."

आन् नर्सबाईला हाक मारली, "बाई, माजी सांजची सुई ऱ्हायली की!"