खोट्या इलेक्ट्रॉनांचा वेग

वाटाणा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला, थबकला आणि पडलाच नाही — पप्पांच्या हातातल्या शेंगेतून उडालेला एक दाणा — आणि अस्मिता लॅपटॉपवरचा आलेख सोडून त्याच्याकडेच बघत बसली, कारण आलेखाचा आता तिला रागच यायला लागला होता. पाण्याचा एक रेणू, आणि त्यातले इलेक्ट्रॉन कुठे असतात ते नाही, तर किती जोरात नि कुठल्या दिशेनं धावतात — त्यांचा संवेग — हे तिच्या पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण. तिची रेघ आणि प्रयोगात मोजलेली रेघ सगळीकडे गळ्यात गळा घालून जातात आणि शून्यापाशी, संथ इलेक्ट्रॉनांपाशी, फाकतात. का फाकतात मेल्या?

सकाळीच तिच्या गाइडचा, श्रीपाद सरांचा, उल्हासनगरहून फोन आला होता. "अगं, एवढा फरक चालतो. स्केल मोठी घे, दिसणार पण नाही. आज पाठवून टाक." आज पाठवलं तर पदवी वेळेत, नाहीतर आणखी एक सत्र... आणि इथे हेंद्रेपाड्यातल्या विहारात जयंतीला तिचा सत्कार ठरलेला, पप्पांनीच पुढे होऊन ठरवलेला.

"बॅनर टाकलाय छापायला," पप्पा म्हणाले. "डॉक्टर अस्मिता. फोटो तो निळ्या साडीतला दिलाय."

"पप्पा, अजून डॉक्टर कुठे झालेय मी?"

"होणारच ना. मग काय!"

होणारच... खऱ्या इलेक्ट्रॉनांचं आपसातलं भांडण गणितात मावत नाही, म्हणून त्यांच्या जागी खोटे उभे करायचे, एकमेकांशी अजिबात न भांडणारे. अट एवढीच, की जिथे खऱ्यांची जेवढी दाटी, तिथे खोट्यांचीही तेवढीच भरली पाहिजे. भरते. छान भरते. आणि मग मी काय केलं — तिचा हात कीबोर्डवरच थांबला — मी त्या खोट्यांनाच विचारलं, बाबांनो, तुम्ही किती जोरात धावता? आणि त्यांचं उत्तर खऱ्यांच्या नावावर खपवलं! वर्षभर आकडेमोड बारीक करत बसले, रेघ हलेना म्हणून कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, पण वेगाचं वचन त्यांनी दिलंच कुठे होतं? वचन होतं ते फक्त दाटीचं. अगं बाई. गाढव आहेस तू, अस्मिता.

"पप्पा, प्रकरण चुकलंय. आज नाही पाठवत."

त्यांचे हात थांबले. "सर चालेल म्हणाले ना?"

"चालेल. कुणाला दिसणारही नाही."

"मग?"

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून फाकलेल्या रेघांवर बोट ठेवलं.

"पाड्यातली पोरं हसतील गं मला," ते हळूच म्हणाले, आणि फोन उचलून, बॅनरवाल्याचा नंबर न लावताच, मांडीवर धरून बसले.

तिला वाईट वाटलं. उठून त्यांच्याजवळ बसावं, सॉरी म्हणावं... पण मन तोवर दोन रेघांमधल्या त्या फटीपाशी पळालंही होतं. जी बुजवायला ती वर्षभर धडपडली, त्या फटीतूनच तर खऱ्यांचं भांडण ऐकू येत होतं, आणि ते नेमकं काय भांडतात हे अजून तिला मुळीच माहीत नव्हतं. मुळीच! ती पप्पांजवळ जाऊन बसली, आणि तोंडावर येणारं हसू काही केल्या तिला आवरेना.