घनश्यामच्या छातीचा साचा

मित्रांनो, मी भिंतीवर चित्र उमटवायचा एक जुना साचा आहे. पत्र्याचा नव्हे, एक्स-रेच्या काळ्या फिल्मचा. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी यवतमाळच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. घनश्याम नावाचा शेतकरी तोंड न बांधता चार दिवस फवारणी करून आला होता. त्याची छाती बरगड्यांसकट माझ्यात उतरली. डाव्या बाजूला एक डाग होता. त्यावर बोट ठेवून डॉक्टर त्याच्या बायकोला, शकुबाईला, म्हणाले की छाती साफ होणं कठीण आहे. आठ दिवसांत घनश्याम गेला.

पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत शकुबाईच्या जावेने मला भंगारात दिलं. तिथून दारव्ह्याच्या नंदकिशोर पेंटरने मला उचललं. ‘फवारताना तोंड बांधा’ असं चित्र गावोगावच्या भिंतींवर काढायचं काम त्याला मिळालं होतं. त्याने माझ्यात रुमाल बांधलेलं तोंड, दोन हात आणि पाठीवरचा पंप कापला. छाती मात्र कापली नाही. तिथे भिंत कोरी राहणार होती.

आमच्याकडच्या भिंती खडबडीत. पत्रा त्यांच्यावर बसत नाही. मी लवचीक, खाचाखोचांत दबतो, याचा मला गर्व होता. नंदकिशोर मला तळव्याने दाबून धरायचा आणि जवळजवळ कोरडा ब्रश हलके ठोकायचा, म्हणजे रंग खाली झिरपत नाही. तरीही प्रत्येक गावात कोऱ्या छातीवर, डावीकडे, एक डाग उमटायचा. नेमका तिथेच. नंदकिशोर भिंतीला नावं ठेवायचा. नाचता येईना, अंगण वाकडं! तो डागावर चुना फिरवायचा. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा वर यायचा. खरं सांगतो, ब्रश ठोकला की माझ्यात कुणीतरी धाप टाकायचं. मला माझीच भीती वाटायची.

बाभुळगावला बाजाराला आलेली शकुबाई अशाच एका भिंतीपाशी थबकली. डागावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग नंदकिशोरला म्हणाली, “हे माह्या मालकाची छाती हाय.”

त्याने मला उन्हात धरलं. तिने बरगड्या ओळखल्या. घनश्यामचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता.

“एवढाच फोटो हाय त्यायचा, भाऊ. वापस द्या मले.”

नंदकिशोर भला माणूस. काम बाकी असूनही उद्या आणून देतो म्हणाला. पण रंगाने बरबटलेला साचा कसा द्यायचा, म्हणून घरी त्याने मला गरम पाण्यात, धुण्याचा सोडा टाकून, चांगलं घासलं. रंग निघाला. त्यामागून बरगड्याही निघाल्या. मोरीतून काळं पाणी वाहून गेलं आणि त्यात घनश्यामही गेला. मला ओरडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान खाली घालून त्याने मला शकुबाईच्या हातात दिलं. मी काचेसारखा कोरा होतो. तिने मला उन्हात धरलं. नंदकिशोर रडवेला होऊन माफी मागत होता, पण तिचं लक्ष नव्हतं.

“डॉक्टर म्हणे साफ होत नाही,” ती म्हणाली. “हे पाहा, झाली नं साफ.”

मित्रांनो, तोंड बांधल्याशिवाय फवारणीला जाऊ नका. आणि कुणाची जुनी वस्तू धुवायला घ्याल, तर तिच्यात त्याला काय दिसतं ते आधी विचारा. आता माझ्यात कुणीच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी शकुबाई रोज सकाळी मला उन्हात धरते आणि घनश्यामशी बोलते. बोलता बोलता थांबते, ऐकते, हसते. मला मात्र काहीच ऐकू येत नाही.