मांडीतल्या जाळीचा राग

मित्रांनो, मी काकासाहेबांच्या डाव्या मांडीत, रक्तवाहिनीच्या आत बसलेली जाळी आहे, डॉक्टर मला स्टेंट म्हणतात. बोटाएवढी लांब, पेन्सिलीहून बारीक.

धातूच्या नळीवर नक्षी कापून मला घडवलं. संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर गजाला यांनी काकासाहेबांच्या जांघेत टोचून बारीक नळी सरकवली, फुगा फुगवून अरुंद झालेली वाट रुंद केली आणि मला तिथं उलगडलं. ना मोठी चीर, ना भूल देऊन झोपवणं. काकासाहेब टक्क जागे होते.

त्याआधी पन्नास पावलांत त्यांची पोटरी आवळून यायची. नंतर ते कन्नड गावचा अख्खा बाजार पायी फिरू लागले. "स्प्रिंग बसवलीय, आता पळतो बी!" असं ज्याला त्याला सांगायचे. माझा लई मान होता. माझी अट एकच: रक्त गोठू न देणारी गोळी रोज.

एकदा त्यांचा मित्र कडुबा पोटरी चोळत आला.

"काकासाहेब, निम्म्या गोळ्या मला दे की. माझा बी पाय दुखतोय."

"घे की! तुझा पाय काय येगळा हाय व्हय?"

झालं! एक दिवस यांना गोळी, एक दिवस कडुबाला. पाकीट वेळेवर संपायचं, म्हणून त्यांच्या बायकोला, भामाबाईंना, संशयही आला नाही.

मी मात्र मोजत होते. गोळी नसलेल्या दिवशी रक्त माझ्या नक्षीला चिकटायचं. मला ते थांबवता येत नव्हतं, आणि खरं सांगू, थांबवायचंही नव्हतं. माझी राखण दुसऱ्याला वाटता? थांबा, दाखवते!

बाजाराच्या दिवशी ते जीपमध्ये चढत असतानाच मी रक्ताची वाट बंद केली. काकासाहेब ओरडून खाली बसले. भामाबाईंनी पाऊल धरलं. "आवं, ह्यो तर बर्फ झालाय!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काका, गोळ्या रोज घेता ना?"

"घेतो की," काकासाहेब छताकडं बघत म्हणाले.

"खरं बोला!" भामाबाई कडाडल्या.

"निम्म्या... कडुबाला दिल्या."

"कडुबाचा पाय मी तपासलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा मात्र आज जाऊ शकतो."

पुन्हा नळी, या वेळी तिच्यातून औषध. रक्ताची गाठ विरघळली, पाय वाचला. पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती कापावी लागली. मला वाईट वाटलं का? थोडं. पण राग गेला नाही.

भामाबाईंचाही गेला नाही. कडुबा भेटायला आला, तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "भाऊजी, आता रोज सकाळी यायचं. ह्यांनी गोळी गिळलेली डोळ्यानं बघायची, मगच तुम्हाला चहा."

तेव्हापासून कडुबा मान खाली घालून येतो. गोळी घशाखाली उतरते. मी गालातल्या गालात हसते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या अंगात माझी बहीण असेल, तर आज त्यांना विचारा, गोळी घेतली का. लाजू नका, रागावले तरी विचारा. माणसांचा राग निवतो, पण माफ करायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.