बिल्ला डावीकडे लावतात

"वाचा," एस्नाथमाई म्हणाली आणि तिने आपला फोन माझ्या टेबलावर आपटला. "मोठ्यानं वाचा. इथल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी चष्मा चढवला, दोन ओळी वाचल्या आणि चष्मा उतरवला. मुतारे शहराच्या साकुब्वा वस्तीत झेरॉक्सच्या एका दुकानात कोपऱ्यातलं टेबल मी भाड्याने घेतलेलं आहे. तिथे तीन माणसं कागद घेऊन रांगेत उभी होती आणि तिघांचेही कान आमच्याकडे लागले होते.

"नाही ना वाचवत? मला रोज वाचावं लागतं. सकाळी उठून चहाचं आधण ठेवायच्या आधी."

"माई, त्याचा नंबर बंद करून टाका."

"किती जणांचे करू? काल सात आले. एकानं तर फोटो पाठवा म्हणून लिहिलंय. नेट्साईचे बाबा, मी तुम्हाला गिऱ्हाईक आणायला सांगितलं होतं. तुम्ही गावभरचे टवाळ गोळा करून माझ्या दारात आणून बसवलेत!"

नेट्साई माझी मुलगी, ती हरारेला असते. माझं नाव क्वाशिराई, पण ते आता बँकेशिवाय कुणी घेत नाही.

मी वेबसाइटी सांभाळतो. लोक फोनवर काही शोधतात तेव्हा त्यांना माझ्या गिऱ्हाइकाचं दुकान आधी दिसावं, म्हणून पानावर शब्द बसवायचे, हा माझा धंदा. त्याआधी बावीस वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसलो. हरवलेली गाय, विकायचा पंप, दुःखद निधन, सगळं माझ्या पेन्सिलीखालून गेलं. लोक पानभर बोलायचे आणि मी त्याचे बारा शब्द करायचो. खिडकी बंद झाली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. तीन महिन्यांचा कोर्स केला आणि या टेबलावर येऊन बसलो. शब्दांतलं आपल्याला कळतं, अशी माझी घमेंड होती.

एस्नाथमाई शिंपीण. आजाराने ज्यांचा स्तन काढावा लागला अशा बायकांसाठी ती सुती दोऱ्याची उशी विणते. आत कापूस, आणि कापसाच्या पोटात नाचणीची छोटी पुरचुंडी, वजनासाठी. वजन नसलं की त्या बाजूचा खांदा वर चढतो आणि बाई चालताना तिरकी दिसते, असं ती सांगायची. असं काम करणारं आमच्या अख्ख्या प्रांतात दुसरं कुणी नव्हतं. तिची वेबसाइट मी चार महिन्यांपूर्वी केली. आजाराचं नाव, अवयवाचं नाव, शस्त्रक्रियेचं नाव, सगळं डॉक्टरी थाटात, ठळक अक्षरांत लिहिलं. आठवड्याला नऊशे माणसं यायला लागली. माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकाकडे एवढी येत नव्हती. मी तो आकडा तिला छापून दिला होता आणि तिने तो भिंतीवर लावलाही होता.

"नऊशेतल्या बायका किती?" आता ती विचारत होती. "चार महिन्यांत माझ्या दारात चार आल्या. जोहान्सबर्गहून दीर फोन करतो, म्हणतो वहिनी, आपल्या आडनावाखाली हे काय लावलंयस? काय सांगू त्याला?"

"थोडा धीर धरा."

"दोन गुरुवार धरते. तेवढ्यात चार खऱ्या बायका आल्या नाहीत तर ती वेबसाइट बंद, आणि उशाही बंद. जानेवारीत शाळा उघडतील, पोरांचे गणवेश शिवीन. त्यात कुणी घाण बोलत नाही."

"बंद नका करू, माई. माझी ओपा असती तर तिनं—"

"ओपाचं नाव घेऊ नका." तिचा आवाज एकदम खाली आला. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही. बायकांनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ओपाला शेवटचं नेसवायला आम्ही पाचजणी होतो. लाल जाकीट घातलं, बटणं लावली. बिल्ला लावायला गेलो तर डावीकडे कापड खोल गेलेलं. बिल्ला पडायचा. तीनदा लावला, तीनदा पडला. मग मी तुमच्या मोरीतला टॉवेल घेतला, घडी करून आत बसवला. तेव्हा कुठे जाकीट सरळ बसलं." तिने फोन उचलून पिशवीत टाकला. "घरी आले आणि त्याच आठवड्यात पहिली उशी विणली. मेल्यावर बसलं ते जितेपणी का बसू नये, म्हणून. बास, एवढंच."

ती निघून गेली. मी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले.

ओपा माझी बायको. आमच्या चर्चच्या बायकांची सभा दर गुरुवारी दुपारी भरते. लाल जाकीट, काळा स्कर्ट, पांढरी टोपी. जाकिटावर डाव्या छातीशी बिल्ला. तो सहजासहजी मिळत नाही. वर्ष-दोन वर्षं बाईची वागणूक बघतात, मग सगळ्यांसमोर जुनी एखादी बाई तो तिच्या छातीला लावते. एकदा बिल्ला लागला की जाकिटाशिवाय सभेला जायचं नसतं. गेलीच तर मागच्या बाकावर, बिल्ला न मिळालेल्या पोरींबरोबर बसायचं. ओपा चोवीस वर्षं पुढच्या बाकावर बसली. हरारेच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, ती घरी आली, चालू-फिरू लागली, परसात पालेभाजी लावली. पण गुरुवार सोडला. "आज बरं वाटत नाही," म्हणायची. दर गुरुवारीच तिला बरं वाटत नसे.

मी समजलो, बाई देवावर रुसली. एकदा तर साद्झाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, घास हातात धरून मी तिला तसं बोललो. "ज्यानं वाचवलं त्याच्याकडेच पाठ फिरवतेस?" तिने ताट उचललं आणि ती आत गेली.

आणखी एकदा, मी याच टेबलावर बसलेला असताना ती डबा घेऊन आली होती. म्हणाली, "अहो, तुमच्या त्या फोनात बघा ना, जाकीट एका बाजूनं भरून देणारं कुणी सापडतं का. लांबचं असलं तरी चालेल." मी मान वर न करता म्हणालो, "लांबचं कशाला? आपली एस्नाथमाई आहे की दोन गल्ल्यांवर." तिला लांबचंच हवं होतं. जिच्याशेजारी गुरुवारी बसायचं तिच्यासमोर कपडे कसे उतरवणार? बावीस वर्षं लोकांचं पानभर बोलणं ऐकून त्यातलं नेमकं काढणारा मी, माझ्या बायकोचं एक वाक्य मला ऐकू आलं नाही. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मी स्वतःला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच मी एस्नाथमाईच्या वेबसाइटची यादी काढली. कोण कोणते शब्द टाकून पानावर आलं, ते वेबसाइटच्या पोटात नोंदलेलं असतं. चार महिन्यांत मी फक्त तळाचा आकडा पाहिला होता. दुपारपासून वीज नसणार होती, म्हणून सगळी यादी छापून घेतली. एकेचाळीस पानं झाली. पेन्सिल घेतली आणि खिडकीवर बसल्यासारखा एकेक ओळ वाचू लागलो.

घाण होती. ओळीमागून ओळ घाण. ती मी इथे लिहीत नाही. माझ्या ठळक अक्षरांतल्या शब्दांनीच तिला बोलावून आणलं होतं. आमच्याकडची कुठली बाई त्या आजाराचं नाव घेते? दवाखान्यात जाऊन आली तरी म्हणते, "तिकडे गेले होते." ती ते नाव टाइप करील, तेही मुलाच्या फोनवर, ही अक्कल मला कुठून सुचली?

सोळाव्या पानावर पहिली ओळ सापडली. आमच्या शोना भाषेत होती. "सभेचं जाकीट एका बाजूनं ढगळ." तेविसाव्यावर दुसरी. "जाकिटावरून शाल घेतली तर चालते का." मग बरीच पानं काही नाही. माझे डोळे चुरचुरायला लागले. अडतिसाव्या पानावर, दोन घाणेरड्या ओळींच्या मध्ये, हे होतं: "डावी बाजू नसेल तर बिल्ला कुठे लावतात."

मी पेन्सिल खाली ठेवली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काका, बरं नाही का? पाणी देऊ?" मी नको म्हणालो. ही ओळ ओपाची नव्हती. ओपाला फोन वापरता येत नव्हता, म्हणून तर ती मला विचारत होती. पण ही कुणीतरी बाई कुठेतरी एकटी बसून माणसाला विचारायचं ते यंत्राला विचारत होती. तिला उत्तर काय मिळालं, तर माझे ठळक शब्द. ते बघून तिने घाबरून फोन बंद केला असेल.

त्या संध्याकाळी मी पान पुसून टाकलं आणि नवं लिहिलं. वर फक्त तिचा प्रश्न ठेवला: डावी बाजू नसेल तर बिल्ला कुठे लावतात. खाली उत्तर: डावीकडेच लावतात. जाकीट सरळ बसवून मिळेल. आजाराचं नाव नाही, फोटो नाही. शिंपीण बाई आहे. नाव सांगावं लागत नाही. मागच्या दाराने या. एका वेळी एकच बाई. तुमच्या गावाचं, तुमच्या चर्चचं कुणी विचारणार नाही. लांबून येणाऱ्यांसाठी गुरुवारी सकाळी दुकान लवकर उघडतं. ही शेवटची ओळ मी एस्नाथमाईला न विचारता लिहिली.

तिला ते वाचून दाखवलं तेव्हा ती शिवणयंत्रावर होती. तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"गुरुवारी सकाळी मी कपडे धुते," ती म्हणाली.

"बुधवारी धुवा."

"आणि त्या नऊशेंचं काय?"

"ते जातील."

"जातील म्हणजे? सगळे?"

"बहुतेक."

ते गेलेच. पुढच्या आठवड्यात अकराजण आले. मी आकडा सांगितला तेव्हा ती हसली, कितीतरी दिवसांनी. "नऊशेचे अकरा केलेत! वा, नेट्साईचे बाबा! आणखी दोन महिने तुमच्याकडे ठेवलं तर आकडा शून्याखाली जाईल." पण भिंतीवरचा तो जुना कागद तिने काढला आणि त्यावर माप लिहून घेतलं. घाणेरडे निरोप थांबले होते.

पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. मी टेबलावरून दर तासाला फोन करत होतो. चौथ्या वेळी ती ओरडली, "कुणी आली तर ती काही पळून जाणार नाही! मला काम करू द्या."

दुसऱ्या गुरुवारी मला टेबलावर बसवेना. अकराच्या सुमाराला मी तिच्या दुकानात गेलो. नोव्हेंबरचं ऊन होतं आणि पायरीवर कुणीतरी खाल्लेल्या माझांजेच्या रानफळांच्या साली पडल्या होत्या.

"एक तरी?" मी विचारलं.

"तीन."

"तीन? कधी? मला सांगितलं नाहीत!"

"सोमवारी दोन, आज उजाडता एक. मागच्या दारानं या म्हणून तुम्हीच लिहिलंत आणि आता पुढच्या दारात उभे राहून चौकशी करता? तुम्हाला सगळं कळायलाच पाहिजे का?"

तेवढ्यात मागची कडी वाजली. माई आत गेली. पडद्याच्या फटीतून मला एक उंच, साठीकडे झुकलेली बाई दिसली. हातात काळी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लाल काहीतरी. माझ्याकडे नजर जाताच तिने पिशवी छातीशी धरली.

"मी बाहेर आहे," मी म्हणालो आणि पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलो.

आतलं बोलणं तुटक ऐकू येत होतं. ती रुसापेहून पहिल्या गाडीने आली होती. घरी सांगितलं होतं, भाचीकडे जाते. मग काम सुरू झालं. टेपाने माप घेतल्याचे, दोरा तोडल्याचे आवाज. एकदा माई म्हणाली, "श्वास घ्या. सोडा. हात वर करा, गाणं म्हणताना करता तसा." मग ती बाई रडली. माईने तिला गप्प केलं नाही.

तासाभराने माई बाहेर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"बिल्ला तिनं मलाच लावायला सांगितला," ती म्हणाली. "तिच्या गावी अडीच वर्षं गेली नाहीये सभेला. म्हणते, आज इथल्याच सभेत बसू का? ओळखीचं कुणी नाही, तर आधी इथं बसून बघते. मी म्हटलं, चला, मी पण येतेच आहे." मग म्हणाली, "गणवेशांना नाही म्हणून कळवते शाळेला. आणि तुम्ही उगाच फुगू नका."

मी फुगलो नव्हतो. मला फक्त ओपाला काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला ती नव्हती. असं मला रोज होतं, पण त्या दिवशी जास्त झालं.

दीडच्या सुमाराला रस्त्यावर बायका दिसू लागल्या. गुरुवारच्या बायका एकेकट्या निघतात आणि चर्चपर्यंत पोचता पोचता त्यांचा जथा होतो. लाल जाकिटं, पांढऱ्या टोप्या, हातात स्तोत्रांची पुस्तकं. कुणी कुणाला हाका मारत होतं, कुणी ऊन किती म्हणत होतं. माई आणि ती बाई मागच्या दाराने निघून गल्लीतून येऊन त्यांच्यात मिसळल्या असणार. मी मान उंचावून पाहिलं. माई तिच्या चालीवरून ओळखू आली. तिच्या आसपास चौघी-पाचजणी उंच होत्या, सगळ्यांचे खांदे सारखे, सगळ्यांचे बिल्ले डावीकडे. रुसापेची कुठली, ते मला सांगता येईना.

मी पायरीवरून उठलो, टोपी काढून काखेत धरली, आणि त्या समोरून जाईपर्यंत आमच्या पुरुषांच्या रीतीप्रमाणे तळवे जुळवून हळू टाळी वाजवत उभा राहिलो. दोघी-तिघींनी मान हलवून नमस्कार घेतला. सगळ्या पुढे निघून गेल्या.