ढाब्याची निळी ज्योत

"सर, तुमच्या घरचा स्वयंपाक कशावर होते?"

प्रणोतीनं विचारलं मात्र, मागच्या बाकावरची तिची मैत्रीण अवंतिका खाली वाकून लपलीच. 'पूछ के दिखा!' ही पैज तिचीच. पण ही पोरगी खरंच उभी राहील, असं तिला कुठं वाटलं होतं? मंचावरचे सर म्हणजे प्रणोतीचे सख्खे बाबा!

शहपुऱ्याच्या शाळेत ऊर्जा सप्ताह होता आणि गोबरगॅसवाले दिवाकरराव हारात हनुवटीपर्यंत बुडून बोलत होते. जो देश गॅस निर्यात करतो त्याच्यापुढे दुनिया झुकते म्हणे. आपलीही निर्यात चालू आहे, थेट हायवेच्या ढाब्यापर्यंत पाइप! टाळ्या.

"गॅसवर, बेटा," बाबा हसले.

"आमच्याकडे तर चुलीवर होते. थंडीत गॅस कमी बनते, तो सगळा ढाब्याला. शेण गारठू नये म्हणून आई पहाटे चुलीवर पाणी तापवते, त्यात शेण कालवून टाकीत ओतते. धूर आईला, ज्योत ढाब्याला."

सभागृह खो खो हसलं. बाबांनी हार काढून ठेवला.

घरी आल्यावर तोफ सुटली. "नाक कापलं माझं! ढाबेवाल्याला जबान दिली आहे मी."

"आणि डॉक्टरनं आईला काय सांगितलं? धुराजवळ जायचं नाही. तेव्हा तुम्ही हो म्हणालात, ती जबान नाही का?"

"जाऊ दे ग," आई, भानुमती, पदरानं डोळे पुसत म्हणाली. डोळे रडून नव्हे, धुरानं लाल होते. "चारचौघांत काहून काढलं हे?" पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. खोकता खोकता तिनं चुलीजवळ आणखी एक लाकूड आणून ठेवलं, उद्याच्या पाण्यासाठी.

घरात नाही दाणा आणि मला श्रीमंत म्हणा! वा रे निर्यातदार! परक्याच्या तंदुरी रोटीची केवढी काळजी, आणि घरची बाई धुरात.

प्रणोती तरातरा अंगणात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ढाब्याच्या पाइपावरच्या, बंद केलेल्या कॉकची लोखंडी मूठ होती.

"हे काय करून राहिली तू?" बाबा ओरडले.

"आई, बाबा, दोघंही ऐका. माझं ठरलं आहे." तिनं मूठ दप्तरात टाकून चेन ओढली. "आजपासून आधी आपला स्वयंपाक. उरला तर ढाबा. कॉक मीच उघडणार. आणि आई, उद्या पहाटे तू उठायचं नाही; पाणी मी तापवीन, गॅसवर."